ठोके मंद केले तर मज्जारज्जूतली पोकळी वाढायची थांबेल का?

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र. वय 38. गेली काही वर्षं खोकलं, शिंकलं किंवा मोठ्यानं हसलं की डोक्याच्या मागच्या भागात जोराची कळ येते आणि मिनिटभरात ओसरते. आधी अर्धशिशी म्हणून औषधं झाली, मग 'बीपीचं असेल' म्हणून. गेल्या पावसाळ्यात भाकरी भाजताना उजव्या हाताची बोटं तव्याला लागली. ते त्यांना कळलं रात्री, भांडी घासताना फोड दिसले तेव्हा. एमआरआयमध्ये किआरी निघालं : लहान मेंदूची टोकं कवटीच्या बुडातून 9 मिलिमीटर खाली उतरली आहेत आणि मानेतल्या मज्जारज्जूच्या आत पाण्यानं भरलेली लांबट पोकळी आहे. न्यूरोसर्जननी ऑपरेशन सुचवलं. घरचे घाबरले आहेत. दिरांनी बरंच वाचून सांगितलं की, हृदयाच्या ठोक्यांमुळेच मणक्यातलं पाणी ढकललं जातं, तेव्हा नाडी आणि बीपी खाली ठेवलं तर पोकळी वाढणार नाही. तेव्हापासून मनगटावरच्या घड्याळात 90 ठोक्यांचा इशारा लावलाय. तो वाजला की वर्ग सोडून त्या खुर्चीवर बसतात. जिना बंद, फिरणं बंद. बीपी दिवसातून वाटेल तितक्या वेळा मोजून होतं. ते 116/74 ते 132/84 यांच्यामध्ये असतं. सासूबाईंची ॲटेनोलॉलची (बीपी आणि नाडी उतरवणारी) गोळी अर्धी अर्धी घ्यावी का, असा विचार घरात चाललाय. त्या विचारतात : असं करून ऑपरेशन टाळता येईल का? आणि बारा वर्षांच्या मुलीचाही एमआरआय करावा का?

ताई,

तुमच्या दिरांनी सांगितलेलं अर्धं खरं आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मणक्यातलं पाणी हलतं, हे बरोबर. म्हणून ठोके मंद केले की पोकळी वाढायची थांबेल, हे मात्र त्यातून निघत नाही. मधे काय सुटलंय ते आधी नीट सांगते, कारण ऑपरेशन करायचं की नाही हे तुम्हाला त्यावरूनच ठरवता येईल. आणि एक गोष्ट सगळ्यात आधी : सासूबाईंची गोळी घेऊ नका. अर्धी नाही, पाव नाही.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या द्रवात असतात त्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण 150 मिलिलिटर असतो. मेंदूच्या आतल्या कप्प्यांमध्ये तो दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात परत शोषला जातो. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळाच्या सगळा बदलतो. कवटीला चहूबाजूंनी हाड, फुगायला वाव नाही. आत एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते, हा नियम एडिनबरोच्या अलेक्झांडर मनरो यांनी 1783 मध्ये आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज केली यांनी 1824 मध्ये मांडला, आणि आजही न्यूरोसर्जरीची अर्धी गणितं त्याच्यावर चालतात. हृदयाचा ठोका पडला की मेंदूत रक्ताची एक लाट शिरते. तिला जागा करून द्यायला थोडा सीएसएफ कवटीच्या बुडाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून खाली मानेत उतरतो. मणक्याच्या नळीत मज्जारज्जूभोवतीचं आवरण किंचित फुगू शकतं, कारण त्याच्या बाहेर चरबी आणि शिरा आहेत, त्या दबतात. हृदय सैल पडलं की तोच द्रव वर परततो.

मानेपाशी दर ठोक्याला असा साधारण अर्धा मिलिलिटर द्रव खाली जातो. मिनिटाला 70 ठोके धरले तर 35 मिलिलिटर खाली आणि 35 मिलिलिटर वर. नवा सीएसएफ तयार होतो मिनिटाला जेमतेम तिसरा हिस्सा मिलिलिटर. या दोन आकड्यांतला फरक बघा. हृदय जे करतं ते जाणं-येणं आहे. ते पाणी खाली ढकलत राहतं आणि तिथं ते साचत जातं, हे चित्र तुमच्या घरात सगळ्यांच्या मनात बसलेलं दिसतं. ते आधी पुसून टाका. जितकं उतरतं तितकं चढतं. निरोगी माणसात हे आयुष्यभर चालतं आणि कुणाला कळतही नाही.

शिवाय हा द्रव एकट्या हृदयाच्या तालावर हलत नाही. कमरेतून सुई घालून सीएसएफचा दाब मोजण्याची पद्धत हाइनरिख क्विंके यांनी 1891 मध्ये सांगितली. ती अजूनही तशीच वापरतात. सुईला काचेची किंवा प्लॅस्टिकची उभी नळी जोडायची, द्रव नळीत चढून एका उंचीवर थांबतो. थांबतो म्हणजे अगदी स्तब्ध होत नाही. जवळून पाहिलं तर त्याची वरची कड नाडीबरोबर अगदी बारीक थरथरते आणि श्वासाबरोबर त्याहून मोठी, संथ वर-खाली होते. रुग्णाला खोकायला सांगितलं की मात्र ती झपकन उसळते. ती उसळी एकदा पाहिली की खोकल्यावर तुमच्या डोक्यात कळ का येते हे वेगळं समजवावं लागत नाही. जर्मनीत ग्योटिंगेनच्या संशोधकांनी 2015 मध्ये माणसं श्वास घेत असतानाच वेगवान एमआरआय काढून दाखवलं की खोल श्वास आत घेताना सीएसएफ जोरात वर, डोक्याकडे खेचला जातो, आणि ही हालचाल ठोक्यांमुळे होणाऱ्या हालचालीपेक्षा ठळक असते. खोकताना, कुंथताना, जड उचलताना छाती-पोटातला दाब वाढतो, मणक्यातल्या शिरा रक्तानं तट्ट फुगतात आणि सीएसएफचा दाब क्षणभर कित्येक पटींनी चढतो. घड्याळात 90 चा आकडा दिसतो तेव्हा यातलं काहीच झालेलं नसतं.

आता तुमच्या एमआरआयकडे वळू. प्राग इथले हान्स किआरी यांनीही हे 1891 मध्येच वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. कवटीच्या बुडाचं ते छिद्र जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद असतं. त्यातून मज्जारज्जू खाली येतो आणि त्याच्याभोवती सीएसएफला जायला-यायला वाट असते. तुमच्यात ती वाट लहान मेंदूच्या उतरलेल्या टोकांनी चोंदली आहे. 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उतरलं की सहसा किआरी म्हणतात. पण खरा प्रश्न मिलिमीटरचा नाही, वाट किती उरली आहे याचा आहे. 9 मिलिमीटर असून काहीच त्रास नसलेली माणसं असतात, आणि 6 मिलिमीटरवर बेजार झालेलीही असतात. दर ठोक्याला द्रव खाली उतरू पाहतो, वाट सापडत नाही, म्हणून ती टोकंच पिचकारीच्या दट्ट्यासारखी खाली सरकतात आणि मानेतल्या द्रवावर धक्का मारतात. अमेरिकेतल्या एडवर्ड ओल्डफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये ऑपरेशन चालू असताना हे प्रत्यक्ष पाहून मांडलं : हा धक्का द्रवाला मज्जारज्जूच्या बाहेरून आत, रक्तवाहिन्यांच्या कडेच्या बारीक फटींतून ढकलतो आणि पोकळी तयार होते. द्रव नेमका कसा आत शिरतो यावर अजून एकमत नाही, दुसऱ्याही उपपत्ती आहेत. पण अडथळा दूर केला की बहुतेकांची पोकळी आक्रसते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तेवढं तुमच्या निर्णयाला पुरेसं आहे.

म्हणजे ताई, ठोका इथे गुन्हेगार नाही. तोच ठोका तुमच्या दिरांच्या छातीत पडतो आणि त्यांना काही होत नाही, कारण त्यांची वाट मोकळी आहे.

तरीही कुणी म्हणेल, वाट मोकळी होईपर्यंत धक्के तरी कमी होऊ देत. मिनिटाला 90 ऐवजी 55 धक्के बरे नाहीत का? हिशेब सरळ वाटतो, पण शरीर तसं वागत नाही. ॲटेनोलॉलनं ठोके मंदावले की दोन ठोक्यांमध्ये हृदयाला भरायला जास्त वेळ मिळतो आणि प्रत्येक ठोक्याला ते जास्त रक्त बाहेर टाकू शकतं. धक्क्यांची संख्या घटली म्हणून प्रत्येक धक्का हलका होईल असं नाही. बीपीचंही तसंच. बीपी थोडंफार वर-खाली झालं तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण करून आतला रक्तपुरवठा जवळजवळ सारखा राखतात. तुमचे 116 आणि 132 या दोन्ही आकड्यांना तुमच्या पोकळीच्या दृष्टीनं काही अर्थ नाही. नाडी किंवा बीपी मुद्दाम उतरवून अशी पोकळी रोखण्याचा उपचार कुठलाही न्यूरोसर्जन देत नाही.

उलट बीपी ओढून खाली आणण्यात धोका आहे, आणि तो नेमका मज्जारज्जूलाच आहे. मज्जारज्जूला रक्त मिळतं ते बीपी वजा भोवतालच्या द्रवाचा दाब, या हिशेबानं. म्हणूनच छातीतल्या महाधमनीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये रुग्णाचे पाय लुळे पडू नयेत यासाठी कमरेतून थोडा सीएसएफ काढतात आणि बीपी चढतं ठेवतात. मज्जारज्जूला अपघातात मार बसला तर पहिले काही दिवस रक्तदाब खाली उतरू न देण्याचा प्रघात आहे, तोही याच कारणासाठी. ज्या मज्जारज्जूत आधीच पोकळीचा दाब आहे त्याचं रक्त आपण होऊन कमी करायचं नाही. त्यात ॲटेनोलॉल दम्याच्या माणसाला धाप लावू शकते आणि तुमचं बीपी आधीच ठीक असल्यानं चक्कर येऊन पडू शकता. किआरी असलेल्या माणसानं मानेवर पडणं अजिबात परवडणारं नाही.

आणखी एक, हे तुमच्या घरातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. नाडी मंद म्हणजे सगळं बरं, असं नसतं. कवटीतला दाब धोक्याच्या पातळीला गेला तर बीपी चढतं आणि नाडी मंदावते. हार्वी कुशिंग यांनी 1901 च्या सुमारास हे नोंदवलं. जोराची डोकेदुखी, उलट्या, सुस्ती आणि त्याबरोबर 50 ची नाडी दिसली तर 'बघा, उतरली' म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा नाही, गाडी काढायची.

ज्यांना खरोखर उच्च रक्तदाब आहे त्यांनी यातून आपली गोळी बंद करावी असं मात्र समजू नये. घरी नीट मोजलेलं बीपी आठवडाभर सरासरी 135/85 किंवा त्याच्या वर राहत असेल तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्यासाठी उपचार घ्यायलाच हवेत. सीएसएफच्या बाबतीतही चढलेलं बीपी भलं करत नाही : 2018 मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात बीपी वाढवल्यावर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं पुढे सरकणारा द्रव मागे जास्त परतू लागला आणि त्याचा पुढचा प्रवास मंदावला. पण ते उंदीर, आणि ती मेंदूची गोष्ट. मानेतल्या पोकळीला ती लावू नये. तुम्ही बीपी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या उंचीला ठेवून, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, आठवडाभर. मग यंत्र कपाटात. धास्तीनं मोजलेलं बीपी धास्तीच दाखवतं.

घड्याळातला तो इशारा आजच काढून टाका. मुलं पाढे म्हणत असताना तुम्ही फळ्यापासून मागे फिरून खुर्ची गाठता, हे वाचून मला फार वाईट वाटलं. जिना चढल्यानं किंवा चालल्यानं पोकळी वाढते असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. हालचाल बंद केल्यानं मात्र मान आणि खांदे आखडतात, झोप बिघडते, बद्धकोष्ठ होतं. आणि बद्धकोष्ठानं कुंथावं लागतं, जे तुम्हाला खरोखर टाळायचंय.

आता ती बोटं. पत्रात तुम्ही त्याबद्दल एका ओळीत लिहिलंय आणि घड्याळाबद्दल पानभर. मी असते तर उलट लिहिलं असतं. दुखणं आणि ऊन-थंड यांची जाणीव नेणारे तंतू मज्जारज्जूच्या अगदी मध्यातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. मध्यात पोकळी फुगली की पहिले तेच ताणले जातात. नुसता स्पर्श नेणारे तंतू मागच्या कडेनं वर जातात, ते शाबूत राहतात. म्हणून तुम्हाला पीठ हाताला चिकटलेलं कळतं, खडूची भुकटी कळते, फक्त तवा तापलाय हे कळत नाही. (अशी बधिरता दिसली की आपल्याकडे कुष्ठरोगाची शंका घेतली जाते आणि ती तपासणं योग्यच आहे. पण त्यात सहसा त्वचेवर बधिर चट्टा असतो किंवा नस जाड लागते, आणि स्पर्शही जातो.) तुमच्या बोटांचा अर्थ असा की पोकळी नुसती एमआरआयच्या फिल्मवर नाही, ती काम करू लागली आहे. हरवलेली जाणीव ऑपरेशननंतर पूर्ण परत येईलच याची खात्री कुणी देत नाही. खोकल्यावरची डोकेदुखी सगळ्यात भरवशानं जाते, पोकळी बहुतेकांची आठवड्या-महिन्यांत लहान होते, पण बोटांत आणि स्नायूंत गेलेलं कधी अर्धंच परत येतं. वाट पाहण्याची ही किंमत आहे. ऑपरेशनच्या भीतीशी ती ताडून बघायला हवी.

ज्यांना किआरी एमआरआयमध्ये सहज सापडलं, त्रास काही नाही, पोकळी नाही, त्यांना मी बिनधास्त सांगेन, थांबा, ठरावीक काळानं तपासून घ्या. पोकळी आहे पण लहान आहे आणि लक्षणं नाहीत, तिथेही अनेक सर्जन एमआरआय करत थांबतात. तुम्ही या दोन्हीत बसत नाही. पोकळी आहे, तिच्यामुळे जाणीव गेली आहे, आणि खोकल्यावरची डोकेदुखी अडथळ्याकडेच बोट दाखवते. माझं मत ऑपरेशनच्या बाजूनं आहे. उद्याच्या उद्या नव्हे, पण 'मुलीची दहावी होऊ दे' इतकं लांबही नाही.

'मणक्याचं ऑपरेशन म्हणजे अंथरूण धरायचं' ही जी भीती घरात बोलली जातेय ती कुठून आली ते मला माहीत आहे. प्रत्येक गावात एक तरी अशी कथा असते. पण तुम्हाला सुचवलेल्या ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूला चाकू लावत नाहीत. डोक्याच्या मागे, केसांच्या रेषेच्या खाली-वर छेद देऊन त्या छिद्राच्या मागच्या कडेचं थोडं हाड काढतात, बहुधा पहिल्या मणक्याची मागची कमानही. गरज असेल तर आवरण उघडून तिथं एक ठिगळ शिवतात, म्हणजे द्रवाला वाट रुंद होते. धोके आहेत : जखमेतून सीएसएफ झिरपणं, जंतुसंसर्ग होऊन मेंदूज्वर, कधी पोकळी न आक्रसणं आणि पुन्हा ऑपरेशन लागणं. ते खरे आहेत आणि सर्जननी ते तुम्हाला सांगायला हवेत. त्यांना सरळ विचारा की अशी ऑपरेशनं ते वर्षाला किती करतात, आवरण उघडणार का आणि का, आणि पोकळी कमी झाली हे कधी तपासणार.

दुसरं मत जरूर घ्या. पण एक सांगून ठेवते, नाहीतर गोंधळाल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या कारकिर्दीत डॉ. अतुल गोयल यांनी वेगळी मांडणी केली : किआरीच्या मुळाशी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांतली अस्थिरता असते, तेव्हा हाड काढण्याऐवजी ते दोन मणके स्क्रूनं स्थिर करावेत. जगभरच्या सर्जनमध्ये यावर मोठे मतभेद आहेत आणि बहुतेक जण सरसकट सगळ्यांना तसं करत नाहीत. पण आपल्याकडे कवटी आणि मान यांच्या सांध्यातले जन्मजात दोष बरेच दिसतात, आणि ते असतील तर आधी सांधा बघावा लागतो. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं सांगितली तर 'कुणालाच काही कळत नाही' असं म्हणून घरी बसू नका. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे आणि त्या सांध्याचा सीटी स्कॅन झालाय का, एवढं विचारा. पाठीच्या संपूर्ण मणक्याचा एमआरआय झाला नसेल तर तोही, म्हणजे पोकळी खाली कुठवर जाते ते कळेल. नाडीशी जुळवून काढलेला सीएसएफच्या प्रवाहाचा एमआरआय सगळीकडे होत नाही. झाला तर वाट किती चोंदली आहे ते हलत्या चित्रात दिसतं. दिरांना तो जरूर दाखवा, इतकं वाचणाऱ्या माणसाला तो बघायला आवडेल. आणि सर्जनकडे त्यांनाच बरोबर न्या.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत न्यूरोसर्जरीची अनेक ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आधी त्यांना भेटा, भरती झाल्यावर नाही.

ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत लक्ष नाडीकडून काढून खोकल्याकडे आणि हाताकडे वळवा. खडूच्या धुळीनं खोकला येत असेल तर फळा ओल्या फडक्यानं पुसा, सर्दी-ॲलर्जी अंगावर काढू नका. शिंक दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. पाणी, पालेभाजी, लागलं तर रात्री इसबगोल, पण कुंथणं नको. गॅसची टाकी, पाण्याचा हंडा, तांदळाचं पोतं दुसऱ्यानं उचलावं. कपालभाती आणि भस्त्रिका तूर्त बंद, श्वास रोखून धरायचा कुंभकही बंद, आणि सर्वांगासन-शीर्षासन तर नकोच. संथ अनुलोम-विलोम न रोखता चालेल, सपाटीवरचं रोजचं फिरणं उत्तम. मान मोडून घेणं, चोळून घेणं, हाडवैद्याकडून बसवून घेणं, यातलं काहीही नको. हे पुरुष वाचकांनाही सांगते, केस कापल्यावर न्हावी देतो तो मानेचा झटका किआरी असलेल्यानं कधीही घेऊ नये.

भाकरी उलथण्यानं उलटा, बोटांनी नको. चहाचं पातेलं सांडशीनंच उतरवा. आंघोळीच्या पाण्याचा अंदाज डाव्या हातानं घ्या, तोही बधिर वाटत असेल तर घरातल्या कुणाला तरी बघू द्या. इस्त्री आणि गरम पाण्याची पिशवी यांच्यापासून उजवा हात लांब. झोपण्यापूर्वी बोटं दिव्याखाली नजरेनं तपासा, कारण दुखून ती तुम्हाला सांगणार नाहीत.

गिळताना ठसका लागू लागला, आवाज बसला, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येऊ लागली, खडू हातातून निसटू लागला, चालताना तोल जाऊ लागला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. आणि दुसऱ्या कुठल्याही कारणानं ऑपरेशन किंवा बाळंतपण असलं तर किआरी असलेल्या प्रत्येकानं भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं. कमरेत सुई टोचून खालचा सीएसएफ कमी झाला तर वरची टोकं आणखी खाली खेचली जाऊ शकतात, म्हणून भूल कशी द्यायची हे त्यांना विचार करून ठरवावं लागतं.

राहिली मुलगी. काही कुटुंबांत किआरी एकाहून जास्त जणांत आढळतं, पण आईला आहे एवढ्यावरून धडधाकट मुलीचा एमआरआय करायची गरज नसते. तिला खोकल्यावर डोकं धरावं लागतं का, हाताला चटका लागल्याचं कळतं का, हे सहज बोलता बोलता विचारा. मग तिला उभं करून पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एका बाजूच्या फासळ्या उंच आल्या किंवा कणा वळलेला दिसला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःचा एमआरआय रिपोर्ट बरोबर न्या, कारण वाढत्या वयाच्या मुलांत अशी पोकळी पुष्कळदा पहिल्यांदा पाठीच्या बाकानंच कळते. पाठ सरळ असेल आणि बाकी काही नसेल, तर तिला तिच्या शाळेत जाऊ द्या.